सकाळी दहाची झोप

गजभिये मॅडम कुणाच्याही घरी गेल्या की बसायच्या आधी पंखा बंद करायला सांगायच्या. एप्रिलचा महिना, पुण्याजवळच्या मांजरीकडचा उकाडा, दिवसभर तापलेलं पत्र्याचं घर, घरची बाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी, आणि ह्या घाम पुसत म्हणणार, "ताई, पंखा जरा बंद करता का?" ती बिचारी बटण दाबायची आणि माझ्याकडे अशी बघायची, की वीज वाचवायला आता घरोघर माणसं पाठवायला लागले की काय. मॅडम मात्र खिडकीकडे कान करून बसायच्या. पंखा थांबला की बाहेरचा आवाज आत यायचा, आणि त्या आलेल्या असायच्या त्यालाच भेटायला. चहापाणी नंतर.

मी पेशानं साइट इंजिनिअर. कागदावरचा नकाशा जमिनीवर उतरवायचा आणि तो वेळेत का उतरला नाही याची कारणं वर पाठवायची, एवढंच आमचं काम. मांजरीच्या अलीकडे, उसाची शेतं संपून इमारती सुरू होतात तिथं, बोरीचं तळं म्हणून एक जागा आहे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तळं दिसलंच नाही. जलपर्णीचं हिरवंगार मैदान होतं आणि त्याच्या कडेनं एक कुत्रं निर्धास्त चाललं होतं. खाली गाळ, सांडपाणी, वर डासांचे ढग. त्याचं पुन्हा पाणथळ करायचं, म्हणजे गाळ उपसायचा, गटाराचं पाणी वळवायचं, काठ उतरते करून पाणकणीस लावायचं, असं काम आमच्या कंपनीकडे आलं होतं. पावसाच्या आत ते संपलं नाही तर उकरलेला काठ खचून पुन्हा आत जाणार आणि तळं पहिल्यापेक्षा वाईट होणार, हे सगळ्यांना माहीत होतं. मग अशा जागेवर इमारत कशी उभी राहते, हे पुण्यात कुणाला सांगावं लागत नाही.

तळ्याच्या एका काठाला उंच इमारतींची सोसायटी, दुसऱ्या काठाला पत्र्याच्या खोल्यांची वस्ती, आणि मध्ये आमचे पोकलेन, डंपर, डिझेलचे पंप. ह्या गोंगाटाचा लोकांना किती त्रास होतो ते मोजायचं आणि तो कमी करायचा, अशी कामाची अटच होती. त्यासाठी एका सल्लागार संस्थेकडून मॅडम आल्या. हे त्यांचं शेवटचं काम, पुढे निवृत्ती. आमच्या धंद्यात अशी माणसं येतात, स्टँडवर आवाजाचा मीटर लावतात, शेजारी उभं राहून फोटो काढतात आणि जेवणाच्या वेळेला निघून जातात. मॅडमनी मीटर लावला आणि शेजारी खुर्ची मागवली. ह्या बाई जेवणाच्या वेळेला निघून जाणाऱ्यातल्या नव्हेत, हे मी तेव्हाच ओळखलं.

बुटका बांधा, काळासावळा रंग, केसांचा घट्ट अंबाडा आणि साडीखाली कॅनव्हासचे बूट. चपलेचा फटफटाट मीटरमध्ये येतो म्हणून बूट. मूळच्या भंडाऱ्याच्या. पुण्यात उभी नोकरी काढून मराठी अगदी छापील झाली होती, पण राग आला किंवा माया आली की आतला भंडारा बाहेर यायचा. बोलायच्या इतक्या हळू की त्यांचं ऐकायला पोकलेन बंद करावा लागायचा. आमचा ऑपरेटर म्हणायचा, निम्मा आवाज बाईंनी नुसत्या बोलण्यानंच कमी केलाय. जेवताना माझ्या डब्यातली भाजी चाखून एकदा त्यांनी गंभीरपणे विचारलं, "शिंदेजी, हे भाजी आहे का शिरा?" त्यांच्या डब्यातला रस्सा मी त्याच दिवशी चाखला. दुपारभर माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि साइट त्या दिवशी फार शांत वाटली असं त्यांनी चारचौघांत सांगितलं.

त्यांचा एक प्रश्न ठरलेला होता. कुणीही म्हणालं, "मॅडम, तसा काही फार आवाज नाही," की त्या विचारायच्या, "कोणाला?" बस, एवढंच. समोरचा माणूस मग स्वतःकडेच बघायला लागायचा. मी सुरुवातीला ह्या प्रश्नाला फार वैतागायचो. नंतर माझ्या बायकोनं घरी टीव्हीचा आवाज कमी करायला सांगितला आणि मी म्हणालो फार नाहीये, तेव्हा ती "मला आहे" म्हणाली. मॅडमची आणि तिची भेट झालेली नव्हती.

काम सुरू व्हायच्या आधी तिथला नेहमीचा आवाज किती, हे मोजून ठेवायचं असतं. पुढे यंत्रांचा आवाज त्याच्यावर किती चढला ते पाहतात. आमच्या वरच्या साहेबांनी ह्यासाठी मोठ्या प्रेमानं एक दिवस सुचवला. मी पोचलो तर वस्तीच्या तोंडाशी मांडव, डीजे, नवरदेवाची घोडी आणि उसाच्या ट्रॅक्टरवर लागलेली गाणी. साहेबांचा हिशोब सरळ होता. आधीच एवढा दणका नोंदला गेला की आमचे पोकलेन त्याच्यापुढे कुजबुजल्यासारखे दिसणार. मॅडमनी मीटर बाहेरही काढला नाही. सरळ मांडवात गेल्या, नवरीच्या हातात आहेराचं पाकीट ठेवलं, पंगतीत बसून जेवल्या आणि बाहेर येऊन मला म्हणाल्या, "लग्न रोज नसते न जी. साहेबांना सांगा, बुंदी चांगली होती." पुढच्या आठवड्यात एका साध्या, कंटाळवाण्या दिवशी त्यांनी मोजणी केली. साहेबांनी बुंदीचा विषय पुन्हा काढला नाही.

डंपरचंही तसंच. डंपर मागे घेताना जो टुँग-टुँग आवाज करतो, तो म्हणजे डोक्यात खिळा. मी म्हणालो, मॅडम, तो सुरक्षेसाठी असतो, काढता येत नाही. त्या म्हणाल्या, काढू नका, पण गाडी मागे घेताच कशाला? मग त्यांनी मातीत बुटाच्या टोकानं एक गोल काढला. डंपर एका बाजूनं आत येणार, गाळ भरून तसाच पुढे वळत दुसऱ्या बाजूनं बाहेर पडणार. मागे यायचं कामच नाही. रस्ता गोल करायला आमचा थोडा मुरूम गेला, पण टुँग-टुँग संपलं. डंपरच्या मागच्या फाळक्याला जुन्या टायरचे तुकडे लावले, तेव्हा तो आपटायचाही थांबला. ही अक्कल मला का सुचली नाही, असं माझ्याही मनात आलं, पण ते मी मनातच ठेवलं.

सोसायटीचे अध्यक्ष आगाशे काका, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचं बोलणं म्हणजे लिंबू पिळलेलं. पहिल्याच भेटीत त्यांनी मॅडमना आडनाव विचारलं, गाव विचारलं आणि म्हणाले, "आवाज मोजता? वा. मग जयंतीच्या मिरवणुकीत मीटरला सुट्टी असेल." मॅडम शांतपणे म्हणाल्या, "जयंतीत मोजते, गणपतीतही मोजते. दोन्हीकडची पोरं मले चहा पाजत नाहीत." काकांनी मग चहा मागवला. त्यांची मागणी मात्र एकच होती, आणि ती त्यांनी घटनेतलं कलम वाचावं तशी सांगितली. दुपारी एक ते चार तळ्यावर टाचणीसुद्धा पडता कामा नये.

आता ही मागणी आम्हाला मुळीच वावगी वाटली नाही. आमच्या कंपनीत साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे पुण्याचे. माणूस रात्री झोपतो आणि दुपारी एक ते चार झोपतो, ह्यापलीकडे झोपेचा तिसरा प्रकार असतो हे आमच्या डोक्यातच आलं नाही. वेळापत्रक मी बनवलं. सकाळभर दणक्याचं काम वस्तीच्या काठाला, एक ते चार सगळं बंद, संध्याकाळी सोसायटीच्या बाजूचं हलकं काम. शिवाय सोसायटीच्या समाधानासाठी त्यांच्या काठाला पत्र्यांची उंच भिंत उभी केली. मॅडमनी सह्या केल्या. आकडे नियमाच्या आत होते. सोसायटीतून आभाराचा निरोप आला, आणि वस्तीतून एकही तक्रार आली नाही.

त्या एकही तक्रार नसण्यानंच मॅडम अस्वस्थ झाल्या. इतकी यंत्रं चाललीत आणि एक माणूस चिडत नाही, म्हणजे आपण चुकतोय, असं त्या दोन-तीनदा म्हणाल्या. आधी त्या वस्तीत गेल्या होत्या, पण संध्याकाळी, कारण माणसं घरी भेटतात ती संध्याकाळी. आता एका सकाळी दहाच्या सुमारास त्या मला घेऊन निघाल्या.

गल्लीत शिरलो तर दारं लोटलेली, खिडक्यांना गोधड्या टांगलेल्या. मला वाटलं, माणसं कामाला गेली असतील. पण उंबऱ्याउंबऱ्याशी पुरुषांचे बूट होते. बायका सावलीला बाहेर बसून भाजी निवडत होत्या, मुलं मातीत खेळत होती, आणि कुणीच मोठ्यानं बोलत नव्हतं. आम्हाला पाहून सुनीता नावाच्या एका बाईनं ओठावर बोट ठेवलं. मांडीशी कुकर होता, डाळ-तांदूळ धुऊन भरलेला, पण स्टोव्ह पेटवलेला नव्हता.

मॅडमनी विचारलं, तेव्हा ती कुजबुजत म्हणाली, "हे उठल्याबिगर लावत न्हाई. शिट्टीनं जाग येती."

आणि तिच्या पाठीमागे, हाकेच्या अंतरावर, माझा पोकलेन दात लावून गाळ ओरबाडत होता. समोरच्या काठाची पत्र्याची भिंत तो सगळा दणका तळ्यावरून उलटा ह्या गल्लीत फेकत होती. पत्रा आवाज गिळत नाही, परत पाठवतो. सोसायटीची शांतता आम्ही वस्तीच्या उशाशी आणून ओतत होतो. पंखा बंद करायला सांगायची त्या दिवशी गरजच पडली नाही.

ह्या वस्तीतली अर्धी माणसं रात्रपाळीची. कुणी इस्पितळातल्या आया, कुणी पहारेकरी, आणि बरेचसे आयटी कंपन्यांच्या गाड्यांवरचे ड्रायव्हर. सुनीताचा नवरा संतोष त्यातलाच. रात्रभर माणसं पोचवायची, उजाडल्यावर घरी यायचं आणि उन्हं तापली की झोपायचं. काम सुरू झाल्यापासून त्याची धड झोप झाली नव्हती. "परवा सिग्नलला डोळा लागला त्यांचा," सुनीता म्हणाली. "मागच्यानं हॉर्न मारला म्हणून बरं. गाडीत लोकांच्या लेकीबाळी हायेत."

मग सांगितलं का नाही, असं मी विचारलं. ती म्हणाली, तळं व्हायला पाहिजे की. डासांनी मुलं आजारी पडतात, दर पावसात घाण पाणी घरात येतं. तक्रार केली आणि काम बंदच पडलं तर काय करायचं, म्हणून सगळ्या गल्लीनं मिळून गप्प राहायचं ठरवलं होतं.

मॅडम उठल्या, तडक पोकलेनसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि हात वर केला. ऑपरेटरनं यंत्र बंद केलं. मी मागोमाग धावलो. पाऊस तोंडावर आलाय, रोजचा दिवस मोलाचा आहे, आकडे दिवसाच्या मर्यादेत आहेत, सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं.

"दिवस कोणाचा?" त्या म्हणाल्या.

मी ऑपरेटरला खाली उतरायला सांगितलं.

त्या संध्याकाळी साइटच्या कंटेनरमधल्या ऑफिसात मॅडम खुर्ची ओढून बसल्या. मग आपणहून बोलल्या. त्यांचे वडील रेल्वेच्या कारखान्यात होते. घरी आले की मोठमोठ्यानं बोलायचे, आणि ह्या भावंडांना वाटायचं, बाबा कायम रागावलेले असतात. ह्या विषयात शिकायला लागल्यावर कळलं की बाबांना ऐकूच येत नव्हतं. तोवर ते गेले होते. "आयुष्यभर मी रस्त्यांचा आवाज मोजला, खाणींचा मोजला, पुलांचा मोजला," त्या म्हणाल्या. "कामाचा आवाज संपला की मागे गाड्यांचा अजून मोठा आवाज यायचा. हे पहिलं काम असं की हे संपल्यावर तिथं बेडूक ओरडतील. आणि मीच बंद करून राहिली." डोळे पुसायचे सोडून त्यांनी चष्माच पुसला. मला त्यांची फार कीव आली आणि माझीही आली, कारण पावसाच्या आत काम संपवायचा एकच मार्ग उरला होता आणि तो आगाशे काकांच्या दारातून जात होता. दणक्याचं काम सकाळी सोसायटीच्या काठाला आणायचं, आणि वस्तीच्या काठाला ते दुपारी चारनंतर करायचं.

सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी बैठक झाली. माणसं हातात मोबाइल आणि तोंडात नकार घेऊनच आली होती. मी नवं वेळापत्रक सांगितलं. काका म्हणाले, "म्हणजे मेंटेनन्स आम्ही भरायचा आणि झोप पलीकडच्यांनी घ्यायची. छान." लोक हसले. एकानं तर काम थांबवायचा अर्जच टाकू असं सुचवलं, आणि दोघातिघांनी मान डोलावली. मला तळं बुडालेलं दिसायला लागलं. पाण्यात बुडालं असतं तर एकवेळ चाललं असतं, हे जलपर्णीत बुडणार होतं.

मॅडम उभ्या राहिल्या. आधी त्यांनी एसी बंद करायला लावला. मग नेहमीच्या हळू आवाजात विचारलं, "रात्रपाळी करून कंपनीच्या गाडीनं घरी येणारं माणूस कोणाकोणाच्या घरी आहे?"

ऐकायला सगळ्यांना पुढे वाकावं लागलं. मागून एका बाईनं हात वर केला. मग तिच्या शेजारणीनं, मग आणखी कुणीकुणी. आगाशे काकांनी हात वर केला नाही, पण त्यांच्या पत्नीनं केला आणि म्हणाल्या, "आमची सून."

"गाडी कोण चालवते?" मॅडमनी काकांनाच विचारलं.

"ड्रायव्हर," काका म्हणाले.

"तो कधी झोपते?"

हातातले मोबाइल खिशात गेले. मॅडमनी पुढे भाषण केलं नाही, सिग्नलचा किस्साही सांगितला नाही, त्या खाली बसल्या. काकांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. काकू त्यांच्याकडे बघत होत्या. शेवटी ते घसा साफ करून म्हणाले, "सकाळचं ठीक आहे. सकाळी आम्ही तसेही पेपर वाचतो. एक ते चारला मात्र हात लावायचा नाही."

"नाही लावत," मॅडम म्हणाल्या. "त्या वेळी माणसं हातानं जलपर्णी काढतील. तिला ओढलं तरी ती ओरडत नाही."

मला इतकं हलकं वाटलं की मी समोरची सगळी बिस्किटं खाल्ली.

पुढचं काम सोपं नव्हतं. पोकलेन रोज ह्या काठावरून त्या काठावर न्यायचा म्हणजे ऑपरेटरच्या शिव्या खायच्या. पत्र्याची भिंत मॅडमनी काढायला लावली आणि तिच्या जागी उपसलेल्या गाळाचाच बांध घातला, दोन्हीकडे. ओला गाळ आवाज पोटात ठेवतो. पंपांना विजेची मोटार बसवली. आगाशे काका सकाळी पेपर घेऊन गॅलरीत बसायचे आणि दणका सुरू झाला की मनगटावरचं घड्याळ आम्हाला दिसेल असं वर धरायचे. अखेर पावसाच्या आत शेवटचा डंपर बाहेर पडला. त्या दिवशी मी घरी गेलो आणि एक ते चार झोपलो, मग उठून पुन्हा झोपलो.

मॅडम निवृत्त झाल्या. निरोपसमारंभाला माइक नको असं त्यांनी बजावलं होतं, त्यामुळे त्यांच्याबद्दल कोण काय बोललं ते मागच्या रांगांना कळलंच नाही. भंडाऱ्याला कायमचं जायच्या आधी त्यांनी मला फोन केला. तळ्यावर या, म्हणाल्या, सकाळी दहाला.

तळं तोवर भरलं होतं. काठाला पाणकणीस गुडघ्याएवढं आलं होतं आणि कडेच्या चिखलात दोन बगळे उभे होते. मॅडमनी तळ्याकडे ओझरतं पाहिलं आणि त्या वस्तीच्या गल्लीत वळल्या. मीटर नव्हता, पिशवी तेवढी होती. बूट तेच. सुनीता उंबऱ्यावर लसूण सोलत होती. तिनं हसून सरकून जागा दिली. मॅडम बसल्या आणि खिडकीकडे बोट दाखवून मला म्हणाल्या, "ऐका."

आतून घोरण्याचा आवाज येत होता. चांगला भरघोस, मध्येच अडकून पुन्हा सुरू होणारा. सुनीता लाजली. मॅडम डोळे मिटून ऐकत राहिल्या. आवाज ऐकून खूश झालेल्या मॅडम मी पहिल्यांदाच पाहत होतो.

थोड्या वेळानं त्या निघाल्या. नेमका तेव्हाच गल्लीच्या तोंडाशी कांदे-बटाट्यांचा टेंपो आला, कर्ण्यावर ती रेकॉर्ड केलेली हाळी जोरात लावून. मॅडमनी पदर खोचला, टेंपोसमोर जाऊन हात वर केला आणि चालकाला काहीतरी सांगितलं, अर्थात इतकं हळू की त्याला आधी कर्णा बंद करावा लागला. मग त्या टेंपोच्या पुढे, हात तसाच वर धरून, गल्लीतून चालू लागल्या. मागून तो टेंपो मुकाट, माणूस चालतो तेवढ्याच वेगानं येत राहिला. दारातल्या बायका तोंडावर पदर धरून हसत होत्या.

गल्ली संपली तशी कोपऱ्यावर मॅडमनी हात खाली घेतला, दोन किलो कांदे तोलून घेतले आणि मागे न बघता बसस्टॉपकडे वळल्या. त्या पार दिसेनाशा झाल्यावर टेंपो पुन्हा ओरडायला लागला. संतोष आत घोरतच होता.